परातीतला चंद्र

२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांच्या सोबतीनं शाळकरी मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं, आणि ठिकठिकाणची हौशी खगोल मंडळं अंधार पडला की दुर्बिणी मैदानात आणून ठेवतात. अवकाश विज्ञानाच्या अशा मोफत संध्याकाळचा साचा आता बऱ्यापैकी ठरलेला आहे. एका टेबलावर रांगोळीच्या परातीत गोट्या टाकून चंद्रावरच्यासारखे खळगे पाडायचे, दुसऱ्यावर पृथ्वी-चंद्राचं अंतर चेंडूंनी मांडायचं, आणि शेवटी रांगेत उभं राहून दुर्बिणीला डोळा लावायचा. या उपक्रमाबद्दल सहसा कुणी वाकडं बोलत नाही, आणि मला तीच अडचण वाटते. कौतुकापलीकडे जाऊन त्याचा हिशेब मांडला जात नाही. म्हणून इथे आक्षेप घेणारा माणूस मुद्दाम उभा केला आहे आणि त्याला कमकुवत ठेवलेलं नाही. सर म्हणजे आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. ताई म्हणजे त्यांच्याच वर्गात शिकलेली, आता अशा संध्याकाळी टेबलामागे उभी राहणारी स्वयंसेविका. दोघंही कल्पनेतली आहेत, त्यांच्या शंका मात्र खऱ्या. माझा कौल कुणाकडे आहे हे लपवण्याचं कारण नाही: मी ताईच्या बाजूनं आहे, पण सरांनी शेवटी घातलेल्या अटीसकट.

सर: तू त्याला विज्ञानाची संध्याकाळ म्हणतेस, मी जत्रा म्हणतो. जत्रा वाईट नसते. पण आकाशपाळण्यात बसून आलेलं पोर यंत्रशास्त्र शिकून आलं, असं आपण म्हणत नाही. आठ टेबलं, दोन तास, मागून रेटणारी गर्दी. पोरगं परातीत गोटी टाकतं, धुरळा उडतो, आई फोटो काढते, की चला पुढच्या टेबलावर. 'करून बघा' या दोन शब्दांना हल्ली फार मान आलाय. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी तोवरचं संशोधन तपासून स्पष्ट लिहिलं, की नवख्याच्या हातात साहित्य देऊन 'आता तूच शोधून काढ' म्हटलं तर तो फारसं शिकत नाही. काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. ज्याला आधी थोडंफार येतं त्यालाच ते मोकळेपण मानवतं. मग फळ्यापाशी उभं राहून पायरी-पायरीनं समजावून सांगणारा मास्तर काय वाईट होता?

ताई: सर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि त्यात मी भरच घालते. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राच्या वर्गात शिक्षक प्रयोग करून दाखवतात, त्यातून मुलांच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न होता. उत्तर असं आलं, की ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला त्यांना, न पाहणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त समजलं नव्हतं. पण ज्यांना प्रयोगाआधी 'काय होईल ते सांगा' असं विचारलं गेलं, त्यांची समज लक्षात येण्याइतकी वाढली होती. प्रयोगात काही बदल नाही. आधी फक्त एक प्रश्न आणि दोन-चार मिनिटं. माझा सगळा मुद्दा त्या दोन-चार मिनिटांत आहे. हात लावणं हे निम्मं काम. त्याआधी आपल्याला काय वाटतं ते बोलायचं, कागदावर लिहायचं, आणि मग मोजायचं. ज्या टेबलावर अंदाज विचारला जात नाही ते टेबल जत्रेतलं, हे तुमच्याआधी मी म्हणेन. आणि हे 'तूच शोधून काढ' नव्हे. टेबलामागे माणूस उभा असतो, तो प्रश्न विचारतो, माप कुठून कुठवर घ्यायचं ते दाखवतो. तुमचा फळ्यापाशी उभा असलेला मास्तर मी काढून टाकलेला नाही, त्याला परातीजवळ आणलंय.

ती परात जवळून पाहण्यासारखी असते. तळाशी चार बोटं पांढरी रांगोळी, हलक्या हातानं सपाट केलेली. तिच्यावर चाळणीतून भुरभुरवलेला गेरूचा पातळ थर. बाजूला काचेच्या गोट्या, उभी धरलेली मोजपट्टी, आणि दोन रकाने आखलेला कागद: उंची आणि खळग्याचा व्यास. गोटी पडते तेव्हा गेरूचा थर फाटतो आणि आतली पांढरी रांगोळी चारी बाजूंना रेघारेघांनी फेकली जाते. पौर्णिमेच्या चंद्रावर टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे ज्यांनी दुर्बिणीतून पाहिलेत, त्यांना ही नक्षी लगेच ओळखू येईल. कडेनं छोटा गोल बांध उभा राहतो. खळगा गोटीपेक्षा बराच रुंद असतो. इथपर्यंत नुसती मौज. आता प्रश्न असा, की दहा सेंटिमीटर उंचीवरून टाकलेल्या गोटीनं एवढा खळगा पाडला. तीच एकशेसाठ सेंटिमीटरवरून, म्हणजे सोळापट उंचीवरून टाकली, तर केवढा पडेल? सोळापट, असं मनात येणं अगदी साहजिक आहे. जरा सावध माणूस दहापट म्हणेल. गोटी पडते, पट्टी लावली जाते, आणि खळगा येतो साधारण दुप्पट. पुन्हा टाकून पाहिलं तरी तेवढाच.

सर: थांब, यात गणित आहे. व्यास दुप्पट, तर खोलीही दुप्पट धरू. लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट म्हणजे आठपट रांगोळी उपसायची. आणि ती उचलायची दुप्पट उंच, कारण खड्डाच दुप्पट खोल. आठ दुणे सोळा. ऊर्जा सोळापट लागणार, आणि सोळापट उंचीवरून पडणाऱ्या गोटीत तेवढीच असते. सुंदर आहे हे, नाही म्हणत नाही. पण हे मला सुचलं कारण मला गणित आधीच येतं. सहावीतल्या पोराला 'दुप्पट आला' एवढंच कळणार, आणि ते विसरायला त्याला घरी पोचेपर्यंतचा वेळ पुरेल.

ताई: सहावीतल्या पोराला आठ दुणे सोळा येतं, सर. ते वापरायची गरज पडेल असा प्रश्न त्याच्यासमोर येत नाही. आणि तुम्ही तरी हे गणित कधी मांडलंत? आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तेव्हा. सोळापट आला असता तर तुम्हीही मान डोलावून पुढे गेला असतात. परातीतला हा खेळ पोरखेळ म्हणावा, तर तो मोठ्या माणसांनी खेळलेला आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकनं 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात असाच प्रयोग लिहून ठेवलाय. ओल्या चिकणमातीत त्यानं बंदुकीच्या गोळ्या टाकल्या आणि चंद्रावरच्यासारखे खळगे पडलेले पाहिले. पण आकाशातून एवढे गोळे येणार कुठून? पहिला लघुग्रह सापडायला १८०१ साल उजाडायचं होतं. म्हणून त्यानं ते उत्तर बाजूला सारलं आणि उकळत्या अलाबास्टरच्या (एका मऊ दगडाच्या) भुकटीत बुडबुडे फुटून जे खड्डे पडतात, त्यांच्या बाजूनं कौल दिला. अडीचशे वर्षांनी, १९२१ साली, खंडं सरकतात असं सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरनं सिमेंटच्या भुकटीवर भुकटी टाकून पुन्हा तसेच खळगे पाडले आणि चंद्रावरची विवरं आघातानंच झाली असं मांडलं.

लांब कशाला, आपल्याकडे लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि चहूकडे लाव्हाचा काळा कातळ. तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं वाटण्यात काही चूक नव्हती. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तिथल्या खडकातली काही खनिजं प्रचंड दाबाच्या धक्क्यानं काचेसारखी होऊन गेली आहेत, आणि असा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात तयार होत नाही. या विवराचं वय पुष्कळ वर्षं पन्नास हजारांच्या आसपास सांगितलं जाई. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे पुस्तकातला आकडा दहापटीहून जास्त चुकला होता. परातीजवळच्या मुलाचा अंदाज आठपटीनं चुकतो, तेव्हा ते कुणाच्या पंगतीला बसलंय ते त्याला सांगायला नको?

सर: मग तूच माझ्या हाती कोलीत दिलंस. एकाच माणसाला दोन प्रयोगांनी दोन उत्तरं दिली आणि हूकसारख्या बुद्धिमान माणसानं चुकीचं उचललं. मग सहावीतल्या पोराची काय कथा? शिवाय खरं विवर परातीसारखं पडत नाही. खरा अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येतो, तो स्वतःच वितळतो, त्याची वाफ होते, स्फोट होतो. तुमची गोटी खळग्यात तशीच शाबूत पडलेली असते. तुमच्या निम्म्या प्रतिकृती असं अर्धसत्य सांगतात. भिंतीवरच्या सूर्यमालेच्या तक्त्यात ग्रह वीतभर अंतरावर रांगेत उभे. मूल तेच चित्र डोक्यात घेऊन जातं, आणि मग ते काढायला आम्हाला दोन वर्षं लागतात.

ताई: गोटी शाबूत राहते आणि अशनी राहत नाही, हे त्या टेबलावर कुणीतरी म्हणायलाच हवं. जो स्वयंसेवक ते म्हणत नाही त्याला त्या टेबलावर उभं करू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रतिकृती कुठे तुटते ते सांगणं हा तिचाच भाग आहे. पण तक्त्यातून बसलेलं चित्र काढायला दोन वर्षं लागतात म्हणालात ना, त्याचाच उपाय शेजारच्या टेबलावर आहे. बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र. आकारांचं हे प्रमाण जवळपास बरोबर आहे. आता चंद्र कुठे ठेवायचा ते तुम्ही दाखवा, असं म्हणायचं. तक्त्यानं शिकवलेला हात चेंडू फूटभर अंतरावर ठेवतो. मग दोरी उलगडायची. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. म्हणजे तीस पृथ्व्या ओळीनं. चोवीस सेंटिमीटरच्या चेंडूला सव्वासात मीटर. चेंडू घेतलेलं मूल चालत चालत टेबलांच्या रांगेबाहेर जातं, गर्दी बाजूला होते, आणि मधली ती रिकामी जागा सगळ्यांना दिसते. त्याच मापानं चारशे किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कुठे येईल? बास्केटबॉलपासून पाऊण सेंटिमीटरवर. करंगळीच्या जाडीएवढंही नाही.

आणि नुसतं नीट शिकवल्यानं मनातलं चुकीचं चित्र जात नाही, याला पुरावा आहे. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी झगे घालून उभ्या असलेल्या पदवीधरांना कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, उन्हाळा का येतो? 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात ते आहे. जवळजवळ सगळ्यांनी बिनदिक्कत सांगितलं, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जुलैतल्यापेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरनं जवळ. आणि त्याच दिवसांत निफाडकडचे शेतकरी द्राक्षाचे घड थंडीपासून वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. या पदवीधरांना शिकवलं नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. शिकवण्याआधी त्यांच्या मनात काय आहे हे विचारलं गेलं असेल, याची मात्र मला शंका आहे.

सर: बरं. अंदाजाचा मुद्दा मान्य. पण तो शाळेतच का नको? या संध्याकाळी लागणारे पैसे आणि माणसं शाळेच्या प्रयोगशाळेला द्या, जिथे कुलूपबंद कपाटातल्या परीक्षानळ्यांवर धूळ बसलेली असते. आणि फुकट कशासाठी? दहा रुपये तिकीट लावलं तर माणूस लक्ष देऊन बघेल.

ताई: प्रयोगशाळेचं कपाट उघडायलाच हवं; एक संध्याकाळ त्याची जागा घेऊ शकत नाही, यावर मी वाद घालणार नाही. खर्चाचं म्हणाल तर रांगोळी, गेरू आणि गोट्या वाण्याकडे मिळतात. पण शाळेत एक गोष्ट घडू शकत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांनी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा 'अस्पायर्स' नावाचा मोठा अभ्यास केला. बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होतं. आपण वैज्ञानिक व्हावं असं वाटणारी मात्र साधारण पंधरा टक्केच. म्हणजे गोडी लावणं एवढंच काम शिल्लक आहे, असं नाही. फरक पडत होता तो घरात विज्ञानाचा वावर आहे की नाही, यानं. आपल्या माणसांत कुणी त्याबद्दल बोलतं का, यानं. आपल्या देशातही असंच असणार, असं मी आकड्यानं सांगू शकत नाही, पण तर्क उलटा जाईल असं वाटत नाही. शाळेच्या सहलीला मूल एकटं येतं. संध्याकाळी, काम सुटल्यावर, बिनतिकिटाच्या ठिकाणी आई येते, बाप येतो, आजी येते. पाच जणांच्या घरात दहा रुपयांचे पन्नास होतात, आणि मग 'तू जाऊन ये, आम्ही बाहेर थांबतो' असं होतं. बाहेर थांबलेल्या आईचा अंदाज कधीच विचारला जात नाही. आपली आई सगळ्यांसमोर 'दहापट' म्हणते, पट्टी लावून 'अगंबाई, दुप्पटच की' म्हणते आणि तिला कुणी हसत नाही, हे मुलानं पाहिलेलं मला हवंय.

यापुढे एक पाऊल जॉन डॉब्सन नावाच्या माणसानं टाकलं. हा अमेरिकेतल्या वेदान्ताच्या मठात संन्यासी म्हणून राहिलेला. मठ सुटल्यावर १९६८ साली त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत 'साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स' हा गट उभा केला: स्वस्त प्लायवूडच्या मोठ्या दुर्बिणी फुटपाथवर मांडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट आकाश दाखवायचं. त्याच्या पद्धतीच्या दुर्बिणी आज आपल्याकडेही वापरल्या जातात. साध्या डॉब्सन दुर्बिणीला आकाशामागे फिरवणारी मोटर नसते. तिथेही अंदाज मागता येतो: दुर्बिणीला कुणीच हात लावला नाही, तर चंद्र जागेवर राहील का? दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि नेत्रिकेतून निघून जातो. 'चंद्र पळाला' म्हणणाऱ्या आजीला विचारायचं, पळालं कोण? तिच्या पायाखालची जमीन फिरतेय, हे तिला सांगितलं नाही तरी चालतं. ती दुसऱ्यांदा डोळा लावून बघते. आता तुम्ही म्हणाल, की आयुकाच्या आवारात येणारे आधीच विज्ञानाच्या बाजूचे असतात. खरंय. म्हणूनच खोडदसारखं प्रदर्शन मला जास्त मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच दुर्बीण एस. टी. स्टँडवर, आठवडे बाजारात न्यायला हवी.

सर: शेवटची शंका, आणि ती मला खरोखर छळते. अंदाज चुकला हे दिसलं म्हणून माणूस मत बदलतो का? रांगोळीच्या खळग्याबद्दल बदलेल, कारण त्यात त्याचं काही अडकलेलं नसतं. जिथे अडकलेलं असतं तिथे काय?

ताई: तिथे कठीण आहे, हे मी नाकारत नाही. जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलं, शंभर मतिमंद मुलं, त्यांच्या पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं, हुशार मुलाची कोणती ते सांगा. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के बरोबर यावेत. त्यांची सरासरी शेहेचाळीस आली. त्यानंतर फलज्योतिष थांबलं नाही, ते आपण बघतोच. पण त्या चाचणीची रचना बघा. आधी दावा, मग मोजणी, आणि दोन्ही कागदावर, सगळ्यांसमोर. परातीजवळ जे घडतं त्याचीच ती मोठी आवृत्ती आहे. जिथे माणसाचं काही अडकलेलं नाही तिथे त्याला ही रीत एकदा हातानं करायला मिळाली, तर जिथे अडकलंय तिथे ती निदान अनोळखी वाटणार नाही. याहून मोठं वचन मी देत नाही.

सर: मग माझी एक अट आहे. आकडा भलताच आला तर तो खोडायचा नाही. पोरं खोडतात. शाळेच्या प्रयोगवहीनं त्यांना तीच सवय लावली: उत्तर आधी, निरीक्षण त्याला जुळवून. आम्हीच लावली. परातीजवळचा कागद संध्याकाळ संपेपर्यंत टांगलेला राहू दे, सगळ्यांच्या मापांसकट, नावं न लिहिता. कुणाची गोटी कडेला पडून वेडावाकडा खळगा आला असेल, तर तोही आकडा तिथे हवा.

ताई: मग टेबलावर पेन ठेवते, पेन्सिल नाही. आणि कागद पुन्हा आखायला हवा, सर. दोन रकाने पुरायचे नाहीत. उंची, अंदाज आणि माप, असे तीन लागतील.